रिमोटची चावी सांभाळू या



आज बोलायचं आहे ते चारचाकी गाडीच्या रिमोटच्या चावीबद्दल. म्हणजे ती चावी, जिच्यावर दोन-तीन बटणं असतात आणि जी दाबली की लांबूनच 'टुक' करून गाडी उघडते किंवा बंद होते. ही बटणं आपल्या नकळत दाबली जाऊ नयेत म्हणून काय करायचं, हा आजचा विषय.

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, "गाडी मालक चालवतात, नाहीतर लेक चालवतो. आम्हाला त्या चावीशी काय करायचंय?" जरा आठवून बघा. गाडी दारात लागली की चावी कुठे जाते? टीव्हीपुढे, ओट्यावर, नाहीतर आपल्या हातात. लग्नाला गेलं की मालक म्हणतात, "ही चावी तुझ्या पर्समध्ये ठेव." नातू रडायला लागला की घरातलं कुणीतरी तीच चावी त्याला खेळायला देतं. गाडी चालवणारा एक असतो, पण चावी घरात सगळ्यांच्या हातातून फिरते आणि ती सांभाळायचं काम बहुतेक वेळा आपल्याकडे येतं. म्हणून ती कशी चालते हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

आपल्या निमोण्यात आणि आसपासच्या गावांत आता पुष्कळ दारांपुढे चारचाकी दिसते. कुणी रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला जातं, कुणाचं दुधाचं, कुणाचं उसाचं, कांद्याचं चालतं. बऱ्याच जणांनी जुनी गाडी घेतलेली असते. अशा गाडीबरोबर चावी येते, पण चावीची माहिती सांगणारं पुस्तक बहुधा येत नाही. ती माहिती आज आपण करून घेऊ.

चावी गाडीशी बोलते कशी?

जुन्या गाडीची चावी म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. कुलपात घातल्याशिवाय ती काही करू शकत नव्हती. रिमोटच्या चावीत मात्र रुपयाएवढा चपटा सेल असतो. बटण दाबलं की चावी रेडिओच्या लहरी सोडते. तुम्ही आत्ता आमचा आवाज ज्या लहरींवर ऐकताय, त्याच जातीच्या. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लागतो, आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या चाव्या ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. चावीची ताकद रेडिओ केंद्रापेक्षा फारच थोडी, त्यामुळे तिचा आवाज अंगणापुरता, गल्लीपुरता पोचतो. पण या लहरी कापडातून, पर्समधून आणि घराच्या भिंतीतूनही जातात. म्हणून चावी घरात आणि गाडी अंगणात असली, तरी बटण दाबलं गेलं की गाडी ऐकते.

मग शेजारच्यांच्या चावीने आपली गाडी का उघडत नाही? तर प्रत्येक चावीचा आपल्या गाडीशी ठरलेला सांकेतिक आकडा असतो, आणि आजकालच्या गाड्यांत तो दर वेळी बदलतो. बँकेचा ओटीपी जसा एकदा वापरला की संपतो, तसंच हे. कुणी तो आकडा हवेतून पकडला तरी दुसऱ्यांदा चालत नाही.

मात्र हा बंदोबस्त परक्यासाठी आहे. गाडीला एवढंच कळतं की ही आपलीच चावी आहे. बटण मालकांनी दाबलं, नातवाने दाबलं की पर्समधल्या मोबाईलच्या भाराने दाबलं गेलं, हे तिला कळत नाही. सगळी गडबड इथे होते.

कोणतं बटण काय करतं?

चावीवर साधारण दोन ते चार बटणं असतात. बंद कुलपाचं चित्र असलेलं बटण दारं लॉक करतं. उघड्या कुलपाचं चित्र असलेलं बटण दारं उघडतं. मागचा भाग उचललेल्या गाडीचं चित्र म्हणजे डिकीचं बटण. काही चाव्यांवर भोंग्याचं चित्र असतं. ते दाबलं की हॉर्न वाजायला लागतो आणि दिवे लुकलुकतात. संकटात लोकांना बोलावण्यासाठी किंवा मोठ्या पार्किंगमध्ये गाडी शोधण्यासाठी ते दिलेलं असतं.

याशिवाय काही कामं अशी असतात की त्यांचं वेगळं चित्र नसतं. काही गाड्यांत उघडायचं बटण थोडा वेळ दाबून धरलं की चारही काचा खाली येतात. उन्हात तापलेली गाडी बसण्याआधी गार व्हावी म्हणून ही सोय. काही नव्या गाड्यांत ठरावीक बटण दाबून धरलं की इंजिनच सुरू होतं. हे घरात पुष्कळांना माहीत नसतं, आणि एखाद्या सकाळी काचा खाली आलेल्या दिसल्या की "चोर आला होता का?" असा घोर लागतो.

एक तिसरा प्रकार आहे, त्याला स्मार्ट चावी म्हणतात. ती पर्समध्ये असली आणि आपण गाडीजवळ गेलो की दाराच्या मुठीवरचं बटण दाबून किंवा मुठीला हात लावून दार उघडतं, आणि गाडी बटणावर सुरू होते. अशा घरात गाडीला लागून असलेल्या भिंतीच्या खुंटीवर चावी टांगली, तर गाडीला वाटतं चावी जवळच आहे. मग कुणीही दाराला हात घातला तरी ते उघडू शकतं. अशी चावी गाडीपासून चार-पाच मीटर तरी आत ठेवावी. आणखी एक गोष्ट. इंजिन चालू असताना मालक चावी खिशात घेऊन उतरले, तरी बहुतेक अशा गाड्या चालूच राहतात. एकदा बंद झाली की मात्र चावीशिवाय परत सुरू होत नाही. हे गाडीत मागे बसणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं.

नकळत दाबलं जातं ते कसं?

पहिली जागा म्हणजे आपली पर्स. तिच्यात मोबाईल, कपाटाच्या चाव्यांचा जुडगा, चिल्लर, औषधाची पट्टी, बचतगटाचं पासबुक. गर्दीत आपण ती काखेत दाबून धरतो. चावीचं बटण कशाला तरी टेकतं आणि दाबलं जातं.

दुसरी जागा खिसा. विजारीच्या मागच्या खिशात चावी ठेवून माणूस खाली बसला, की बटणावर सगळा भार. गाईची धार काढायला, वैरण कापायला, मोटर चालू करायला वाकलं की तेच.

तिसरी गोष्ट म्हणजे जुडगा. ट्रॅक्टरची चावी, मोटरसायकलची चावी, पेटीची चावी, देवाचा लोलक, सगळं एकाच कडीत अडकवलेलं असतं. एका चावीचा दात दुसऱ्या चावीच्या बटणात रुततो.

चौथी गोष्ट, चावीचं रबरी कव्हर. कव्हर चांगलंच असतं, पण मापाचं पाहिजे. घट्ट कव्हर घातलं तर तेच बटण दाबून धरतं. आणि चावी जुनी होऊन बटणाचं रबर फाटलं, त्यात पीठ, तेल, धूळ, घाम गेला, तर बटण आत जाऊन अडकतं आणि वर येत नाही. मग चावी आपोआप लहरी सोडत राहते आणि सेलही लवकर संपतो.

पाचवी जागा, पोरांचे हात. बटण दाबलं की अंगणातली गाडी डोळे मिचकावते, आवाज करते. लेकराला याहून गमतीचं खेळणं कुठलं?

नुसता ताप कोणता आणि धोका कोणता?

काही वेळा नुसता तापच होतो. रात्री दोन वाजता हॉर्न सुरू झाला आणि सगळी आळी जागी झाली. असं झालं तर घाबरू नका. चावीवरचं तेच बटण किंवा उघडायचं बटण परत दाबलं की बहुतेक गाड्यांचा हॉर्न थांबतो. चावी घरात असेल तर दारातूनच दाबा. आपल्या भागात उसाच्या कडेने बिबट्या फिरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा रात्री गाडी बघायला जायचंच असेल तर एकट्याने, अंधारात जाऊ नये. बॅटरी घ्यावी आणि दोघांनी जावं.

काही वेळा नुकसान होतं. डिकी अर्धवट उघडी राहिली, आतला दिवा रात्रभर जळला, सकाळी गाडीची बॅटरी उतरलेली. काचा खाली आल्या आणि वळवाच्या पावसाने सीट भिजल्या. रांजणगावच्या गणपतीला किंवा शिरूरच्या बाजाराला गाडी लावली, पर्समध्ये बटण दाबलं गेलं, आणि आत ठेवलेली दागिन्यांची, पैशांची पिशवी उघड्यावर आली. गटाची वसुली घेऊन बँकेत जाणाऱ्या ताईंनी हे विशेष ध्यानात घ्यावं. पैशाची पिशवी गाडी लॉक करूनसुद्धा आत ठेवू नये.

बऱ्याच गाड्यांत एक चांगली सोय असते. उघडायचं बटण दाबलं गेलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आसपास कुणी दार उघडलं नाही, तर गाडी आपोआप परत लॉक होते. पण सगळ्या गाड्यांत ती नसते. शिवाय तेवढ्या वेळात कुणी दार उघडलंच, तर गाडी उघडीच राहते. तेव्हा त्या सोयीवर विसंबू नये.

आणि काही वेळा मात्र जिवावर बेततं. ते सांगण्यासाठीच आज हा विषय घेतला आहे.

१७ जून २०२३ रोजी नागपूरच्या फारुखनगर भागातली चार ते सहा वर्षांची तीन मुलं खेळायला म्हणून बाहेर पडली आणि परत आली नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत मरण पावलेली सापडली. २४ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत अँटॉप हिल भागात सात आणि पाच वर्षांचे भाऊ-बहीण असेच एका उभ्या गाडीत सापडले. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात विजयनगरम जिल्ह्यातल्या द्वारपुडी गावात खेळता खेळता गाडीत शिरलेली चार मुलं गेली. या मुलांना गाडीत शिरता आलं, पण बाहेर येता आलं नाही.

या घटना चावीच्या बटणामुळे घडल्या असं आम्ही म्हणत नाही. पण उभी गाडी उघडी राहिली की लेकरं तिच्यात शिरतात. आणि आपल्या नकळत दाबलेलं बटण नेमकं हेच करतं, गाडी उघडी ठेवतं. उलट बाजूने पाहिलं तर आणखी वाईट. लेकरू चावी हातात घेऊन गाडीत बसलं, दार ओढलं गेलं आणि त्याने खेळता खेळता लॉकचं बटण दाबलं, तर लेकरूही आत आणि चावीही आत.

बंद गाडी किती लवकर तापते, हे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मोजलं आणि २००५ साली छापलं. बाहेर २२ ते ३६ अंश तापमान असलेल्या दिवसांत त्यांनी गाडी उन्हात उभी केली. तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच बोटभर खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आता आपला एप्रिल-मे महिना डोळ्यांपुढे आणा. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट लवकर तापतं. "दहा मिनिटांत येतोच" म्हणून मूल गाडीत ठेवणं म्हणूनच कधीही करू नये.

आणखी एक बारीक गोष्ट. मागच्या दारांच्या कडेला एक छोटा खटका असतो, त्याला चाइल्ड लॉक म्हणतात. गाडी चालू असताना मुलांनी दार उघडू नये म्हणून तो असतो. तो लावलेला असला की मागचं दार आतून उघडतच नाही, गाडी लॉक नसली तरीही. मूल मागे बसून मूठ ओढत राहतं आणि दार हलत नाही.

घरात काय करायचं?

पहिली गोष्ट, चावीला एक जागा ठरवा. देवघराच्या वरचं फडताळ असेल, कपाटाचा वरचा खण असेल, पोराचा हात पोचणार नाही अशी कुठलीही. गाडीवरून आलं की चावी तिथेच जाईल, हे घरात सगळ्यांना सांगा, मालकांनासुद्धा. ओटा, टीव्ही, उशी, खिडकी, यातलं काही चालणार नाही.

दुसरी गोष्ट, चावीला कडक घर द्या. जुन्या चष्म्याची कडक डबी घरोघर असते. तिच्यात चावी ठेवली की बटणावर कशाचा भार येत नाही. पर्समध्ये न्यायची असली तरी डबीतच न्या. एक रुपयाही खर्च नाही. स्मार्ट चावी असेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा छोटा डबा आणखी बरा, कारण धातू रेडिओच्या लहरी अडवतो. डबा उपयोगाचा आहे का ते असं तपासा. गाडी लॉक करा, चावी डब्यात घालून झाकण लावा, डबा घेऊन गाडीपाशी जा आणि दाराची मूठ ओढून बघा. दार उघडलं नाही तर डबा चांगला.

तिसरी गोष्ट, रिमोटची चावी जुडग्यातून वेगळी करा. तिच्या कडीत दुसरं काही नको. घडीची चावी असेल, म्हणजे बटण दाबलं की सुरीसारखं पातं बाहेर येणारी, तर पातं मिटूनच ठेवा.

चौथी गोष्ट, बटणं कोरड्या मऊ फडक्याने पुसत जा. पिठाच्या, तेलाच्या, ओल्या हाताने चावी धरू नका. रबर फाटलं असेल तर चावीचं वरचं खोकं तेवढं बदलून मिळतं, आतली यंत्रणा तीच राहते. ते खात्रीच्या माणसाकडून समोर उभं राहून करून घ्या.

पाचवी गोष्ट, दुसरी चावी. नव्या गाडीबरोबर बहुधा दोन चाव्या मिळतात. दुसरी चावी गाडीत कधीच ठेवू नका. ती घरातल्या एका ठरलेल्या जागी ठेवा आणि ती जागा घरातल्या दोन मोठ्या माणसांना तरी माहीत असू द्या. जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या मागून घ्या. एक हरवली आहे असं सांगितलं, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन हरवलेली चावी गाडीच्या यादीतून काढून टाकायला सांगा. बहुतेक गाड्यांत ते करता येतं.

सहावी गोष्ट, नको असलेल्या सोयी बंद करून घ्या. सर्व्हिसिंगला गाडी जाईल तेव्हा विचारा, "चावीने काचा खाली येतात का? त्या बंद करता येतील का? एकदा दाबल्यावर फक्त ड्रायव्हरचं दार उघडेल असं करता येईल का? दुरून इंजिन सुरू होणं बंद करता येईल का?" काही गाड्यांत हे पुढच्या पडद्यावरच्या सेटिंगमधून होतं, काहींत सर्व्हिस सेंटरवाले करून देतात, काहींत होत नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

गाडीपाशी काय करायचं?

लॉकचं बटण दाबलं की पाठ फिरवून चालू लागायचं नाही. इंडिकेटर लुकलुकले का ते बघायचं, आवाज ऐकायचा आणि एकदा दाराची मूठ ओढून खात्री करायची. आपल्या गाडीची लॉकची खूण कोणती आणि उघडल्याची कोणती, हे घरातल्यांकडून समजून घ्या, कारण गाडीगणिक ती वेगळी असते. स्मार्ट चावीवाल्या गाडीत मूठ ओढून बघताना चावी दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला लांब उभं करा, नाहीतर गाडी चावी ओळखून दार उघडेल.

अंगणातली गाडीसुद्धा लॉक पाहिजे. "आपल्याच दारात तर आहे" म्हणून ती उघडी ठेवू नका. रात्री झोपण्याआधी गोठ्याचं, दाराचं बघतो तसंच गाडीचं दार एकदा बघावं. बंद पडलेली, विकायला काढलेली, नुसती उभी असलेली गाडीही लॉकच ठेवावी.

गाडीतून उतरताना आधी मुलं उतरवायची, मग सामान, आणि चावी सगळ्यांत शेवटपर्यंत हातात. सामान काढताना चावी सीटवर किंवा डिकीत ठेवायची नाही. आणि घरातलं मूल दिसेनासं झालं, तर विहीर, हौद यांच्याबरोबर आसपासच्या उभ्या गाड्याही लगेच बघायच्या, डिकीसकट.

मुलांनाही शिकवा. गाडीत खेळायचं नाही हे तर सांगाच, पण अडकलंच तर काय करायचं तेही सांगा. पुढच्या सीटवर यायचं, ड्रायव्हरच्या बाजूची मूठ ओढायची, नाही उघडलं तर हॉर्न दाबत राहायचं. चावी नसतानाही बहुतेक गाड्यांचा हॉर्न वाजतो. एकदा मोठ्यांच्या समोर, दार उघडं ठेवून, मुलाकडून हे करून घ्या.

मूल आत अडकलं तर?

वेळ घालवायचा नाही. एकीने दुसरी चावी आणायला पळायचं, दुसरीने ११२ वर फोन करायचा, तिसरीने मुलापाशी थांबून त्याच्याशी बोलत राहायचं. मूल शहाणं असेल आणि चावी आतच असेल तर त्याला कोणतं बटण दाबायचं ते खुणेने दाखवायचं. मूल घामाघूम झालं, सुस्तावलं, रडायचं थांबलं, किंवा गाडी उन्हात असली, तर चावीची, मेकॅनिकची वाट बघत बसू नये. काच फोडायची.

काच कोणती फोडायची? पुढची मोठी काच नाही, तिच्यात मधे चिकट थर असतो, ती तडकते पण निघत नाही. बाजूच्या दाराची काच, आणि तीही मुलापासून सगळ्यांत लांबची. मधोमध मारलं तर हातोडी उसळी घेते, म्हणून खालच्या कोपऱ्यात टोकदार वस्तूने जोराने मारायचं. हाताला जाड कापड गुंडाळायचं, तोंड बाजूला फिरवायचं. काचेची किंमत भरून येते.

मूल बाहेर काढलं की सावलीत न्यायचं, जास्तीचे कपडे काढायचे, साध्या पाण्याने अंग पुसायचं, वारा घालायचा. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्यायचं. शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. १०८ नंबरवर रुग्णवाहिका बोलवायची किंवा मिळेल त्या गाडीने शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायचं. मूल बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवायचंच.

चावीतल्या सेलचा धोका

पोरांच्या हातात चावी न देण्याचं आणखी एक कारण आहे. चावी आपटून उघडली की आतला चपटा सेल बाहेर पडतो, आणि लहान मूल तो गिळू शकतं. तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांच्या आत आतली कातडी भाजायला लागते. सेल सापडत नसेल आणि मूल लाळ गाळत असेल, गिळायला त्रास होत असेल, खोकत असेल, तर त्याला उलटी करायला लावू नका. लगेच दवाखान्यात न्या आणि "चावीचा सेल गिळला असावा" असं स्पष्ट सांगा, म्हणजे डॉक्टर आधी एक्स-रे काढतील. त्रास दिसत नसला तरी थांबू नका. जुना सेल बदलला की तोही उघड्यावर टाकू नका. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून पोरांपासून लांब ठेवा.

गटात एवढं करा

सख्यांनो, पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पंधरा मिनिटं या विषयाला द्या. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी चावी घेऊन यावी, एखादी गाडी समोर उभी करावी. प्रत्येकीने स्वतःच्या हाताने लॉक करून बघावं, उघडून बघावं, हॉर्नचं बटण दाबून तो थांबवून बघावा. चाइल्ड लॉकचा खटका कुठे असतो ते दाराच्या कडेला हात लावून बघावं. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही बघावं, कारण आपली लेकरं शेजारच्या अंगणात खेळतात.

आणि घरी गेल्यावर आजच चष्म्याची एक जुनी डबी शोधा. मालकांनी चावी टीव्हीपुढे ठेवली तर उचलून डबीत घाला आणि त्यांना सांगा, "अहो, आजपासून हिची जागा ही." चार दिवस ते विसरतील, पाचव्या दिवशी स्वतःच विचारतील, "डबी कुठाय?"

तुमच्या गटाने आणखी काही युक्ती काढली असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ती सगळ्यांना सांगू. नमस्कार.